‘बॉरो’ आणि ‘लेंड’ : उसने घेणे आणि उसने देणे



इंग्रजी शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. कोल्हापुरातल्या शाळेत पाचवी-सहावीच्या वर्गात एक चूक मला दरवर्षी भेटायची. शेजारच्या मुलाचे पेन हवे असले की मुले म्हणायची, ‘बॉरो मी युवर पेन.’ मी हसून दुरुस्त करायची. घेणाऱ्याचा बॉरो, देणाऱ्याचा लेंड. बॉरोच्या मागे फ्रॉम, लेंडच्या मागे टू. पाच गुणांचा प्रश्न, पाच मिनिटांत संपणारा.

निवृत्तीनंतर दोन हंगाम मी आपल्या कामातला शनिवारचा वर्ग घेते आहे. शिरोळ तालुक्यात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात तिथे, कोप्यांच्या शेजारी, एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत हा वर्ग भरतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक टोळ्या बीडकडच्या. गेल्या हंगामात मात्र नंदुरबार जिल्ह्यातून, धडगावच्या डोंगरातून आलेली काही आदिवासी कुटुंबेही त्यांत होती. त्यांतली एक मुलगी सहावीच्या वयाची होती. घरची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकलेली, आणि इंग्रजीची भीती अजिबात नाही. तिच्या वहीतल्या एका वाक्यामुळे हा लेख लिहावा लागला.

त्या दिवशी मी बॉरो आणि लेंड शिकवले आणि प्रत्येकाला एकेक वाक्य स्वतःच्या घरावरून लिहायला सांगितले. तिने लिहिले, ‘मुकादम बॉरोड माय फादर.’ मुकादमाने माझ्या बाबांना उसने नेले.

मी लाल पेनाने वाक्य खोडले आणि वर लिहिले, ‘माय फादर बॉरोड मनी फ्रॉम द मुकादम.’ तिने वही हातात घेतली, वाचली आणि म्हणाली, “बाई, पैसे तर दिवाळीतच संपले. इथे बाबाला आणलंय, आईला आणलंय. मग उसनं कुणाला नेलं?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येईपर्यंत एसटीत मी त्याच वाक्याचा विचार करत होते. पुढे जे लिहिते आहे तो त्या विचारातून झालेला माझा स्वतःचा अभ्यास आहे.

१. एकच व्यवहार, दोन बाजू

बॉरो आणि लेंड हे दोन वेगळे व्यवहार नाहीत. वाटीभर साखर शेजारणीकडून माझ्याकडे येते. माझ्या दारातून पाहिले तर ते बॉरो, तिच्या दारातून पाहिले तर लेंड. साखर तीच, वाटी तीच. इंग्रजीने दोन बाजूंना दोन क्रियापदे दिली. इंग्रजीचीच बहीण असलेल्या जर्मन भाषेत मात्र दोन्हीसाठी एकच क्रियापद चालते. कोण देतो आणि कोण घेतो, हे वाक्यातून कळते.

आपली मराठी या बाबतीत फार शहाणी आहे. आपण ‘उसने’ हा शब्द मधे ठेवतो आणि दोन बाजूंना ‘देणे’ आणि ‘घेणे’ जोडतो. उसने घेतले, उसने दिले. म्हणजे शब्द दोघांच्या सामाईक मालकीचा. म्हणूनच आपल्या मुलांचा बॉरो आणि लेंडमध्ये गोंधळ होतो. ती मुले ढ नसतात. त्यांच्या भाषेत ही विभागणी शब्दातच केलेली नसते, एवढेच.

उसन्याचे नियमही आपल्याला कुणी शिकवावे लागत नाहीत. सपाट वाटी नेली असेल तर परत करताना थोडी शीग लावून द्यायची. डब्यातून काही आले असेल तर डबा रिकामा परत पाठवायचा नाही. काही नाही तर चार शेंगा तरी घालायच्या. विरजणाचा तर हिशेबच नसतो. आज मी नेले, उद्या ती नेईल. शेतकऱ्यांमध्ये पैरा चालायचा, तोही याच रीतीचा. आज माझे बैल तुझ्या रानात, परवा तुझे बैल माझ्या रानात. यात आज देणारा उद्या घेणारा असतो. दोन्ही बाजू फिरत्या असतात, म्हणून कुणी कुणाचा मिंधा होत नाही.

२. कर्ज आणि उचल

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येऊ. तिच्या बाबांनी मुकादमाकडून जे घेतले त्याला उसने म्हणत नाहीत. त्याला म्हणतात उचल. हंगाम सुरू होण्याआधी, बहुधा पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या तोंडावर, घरात धान्य नसते, कुणी आजारी असते, कुणाचे लग्न ठरलेले असते. तेव्हा मुकादम उचल देतो आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांची तोडणी त्या पैशात बांधली जाते.

शहरातल्या वाचकांसाठी हा हिशेब मांडून दाखवते. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडतात असे धरा. टनाला ३५० रुपये धरले तर दिवसाचे ७०० झाले. १३० दिवस काम मिळाले तर ९१,००० रुपये. उचल घेतली होती १,००,०००. शिवाय दर आठवड्याला तेलमिठासाठी हजार रुपये खर्ची घेतली, तिचे वीस आठवड्यांचे २०,००० झाले. म्हणजे पाच महिने पहाटेपासून राबून शेवटी २९,००० रुपये देणे बाकी. ताप आला, खाडा पडला, तर ती बाकी आणखी वाढते. पुढच्या वर्षी त्या बाकीवर नवी उचल चढते.

या धंद्यातला एक शब्द मी वर्षानुवर्षे ऐकत होते, पण त्याचा विचार केला नव्हता. टोळीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाचे नावच हत्याराचे झाले. त्या मुलीची आई मला सहज म्हणाली होती, “दोन वर्षांनी ही पण अर्धा कोयता होईल.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला ते जास्त लागले.

३. शब्दांच्या पोटात काय आहे

शिक्षकाची सवय सुटत नाही. घरी आल्यावर मी दोन्ही शब्दांच्या व्युत्पत्ती पाहिल्या.

बॉरो हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘बॉर्ग’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ तारण, जामीन. म्हणजे बॉरो करणे याचा मूळ अर्थ काहीतरी तारण ठेवून घेणे असा होता. पैशांपेक्षा त्या बदल्यात काय अडकवले, याकडे त्या शब्दाचे बोट आहे.

लेंड आणि लोन हे दोन शब्द एका घरातले. त्यांचे मूळ ‘सोडणे, मागे ठेवून जाणे’ अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूत आहे. त्याच धातूतून संस्कृतातला ‘रिक्त’ हा शब्द आला, ज्यावरून आपण ‘रिता’ म्हणतो. म्हणजे लेंड करणाऱ्याने आपली मूठ रिती करायची, हातातली वस्तू सोडायची, हा त्या शब्दाचा जन्मार्थ.

हे वाचले आणि मला मुलीचे वाक्य पुन्हा आठवले. घेणाऱ्याच्या शब्दात तारण आहे, देणाऱ्याच्या शब्दात सोडणे आहे. जिथे देणारा खरोखर सोडतो, तिथे शेजारपण राहते. जिथे देणारा काहीच सोडत नाही, उलट घेणाऱ्यालाच धरून ठेवतो, तिथे शब्द उलटे होतात. तिच्या बाबांकडे तारण ठेवायला शेत नव्हते, दागिना नव्हता. मग तारण काय पडले? ते स्वतः. व्याकरणाने तिचे वाक्य चूक होते. पण पाच महिने कुणाच्या ताब्यात कोण होते, हे त्या वाक्याने माझ्या दुरुस्तीपेक्षा खरे सांगितले होते.

४. महाराष्ट्राला हे नवे नाही

१८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली. त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांनी कर्जाची खते आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. कागदात आपण अडकलो आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला.

ठाणे जिल्ह्यातल्या वारली समाजात ‘लग्नगडी’ हा शब्द होता. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात त्याच्याकडे गडी म्हणून राबायचे. कित्येकांचे सारे आयुष्य त्यात जायचे, बायकोही राबायची. लग्नासारखा आनंदाचा शब्द आणि त्याला जोडलेला गडी! १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची ही पद्धत नाकारली. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकिगत लिहिली.

१९७६ साली देशात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला गेला. आपल्या वाचकांनी त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, आगाऊ रक्कम देऊन त्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्याची किंवा कुठे जाण्याची मोकळीक नाकारली, किंवा किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवले, तर ती वेठबिगारी ठरू शकते. दुसरी, तशी वेठबिगारी ठरली तर ते कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. ती ओळखण्याची आणि सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आणि दक्षता समित्यांवर टाकलेली आहे. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असे मी म्हणत नाही. कित्येक मुकादमही स्वतः उचलीत अडकलेले असतात. पण उचल कुठे संपते आणि बेडी कुठे सुरू होते, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे.

५. पवित्र शास्त्रातले जाते

मंडळीत आपण तारण हा शब्द फार वेळा उच्चारतो. प्रभूने आमचे तारण केले, असे आपण साक्षीत सांगतो. बँकेत गेलो की तोच शब्द दुसऱ्या अर्थाने येतो. दागिने तारण, घर तारण. एकाच शब्दात अडकवणेही आहे आणि सोडवणेही आहे. हा योगायोग असो वा नसो, मला आता तो शब्द उच्चारताना दोन्ही अर्थ ऐकू येतात.

जुन्या करारात कर्जाविषयी बारकाईने लिहिले आहे. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्याच्या आत परत करण्याची आज्ञा आहे, कारण रात्री त्याला दुसरे काही नसते. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये असे सांगितले आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. ज्या वस्तूवर घर जगते ती वस्तू अडकवायची नाही. जिथे माणसालाच कोयता म्हणून मोजले जाते, तिथे ही आज्ञा किती जवळून लागू पडते ते मी वेगळे सांगायला नको.

नहेम्याच्या ५ व्या अध्यायात लोक रडत येतात की आमची शेते गेली, आता मुलेमुली गुलामीत जात आहेत. नहेम्या आधी सरदारांना जाब विचारतो आणि मग कबूल करतो की मी आणि माझी माणसेही कर्ज देतो, आपण सगळेच हे सोडून देऊ. मला तो कबुलीचा भाग मोठा वाटतो. आणि लूकच्या ६ व्या अध्यायात प्रभू येशू परतफेडीची आशा न धरता उसने देण्यास सांगतो. म्हणजे लेंड या शब्दाचा जो जन्मार्थ आहे, सोडणे, तोच.

६. आम्ही काय केले

फेब्रुवारीच्या सभेत मी ही गोष्ट सांगितली. एका बंधूंनी लगेच सुचवले की आपण सर्वांनी वर्गणी काढून त्या कुटुंबाची बाकी फेडून टाकू. भावना चांगली होती. पण एका वडीलधाऱ्या भगिनींनी विचारले, “आज आपण फेडू. पुढच्या दिवाळीत घरात धान्य नसेल तेव्हा ते कुणाकडे जातील? आणि तोवर ते आपले मिंधे राहतील, त्याचे काय?” बराच वेळ बोलणे झाले. शेवटी पैसे देण्याऐवजी आम्ही एक लहान गोष्ट केली.

मी त्या मुलीला एक वही दिली. डाव्या पानावर ‘घेतले’, उजव्या पानावर ‘दिले’. डावीकडे उचल आणि दर आठवड्याची खर्ची. उजवीकडे प्रत्येक खेपेची तारीख आणि टन, वजनाची पावती पाहून. बॉरो आणि लेंड शिकवण्याची याहून चांगली रीत मला एकतीस वर्षांत सुचली नव्हती. सुरुवातीला तिच्या बाबांना संकोच वाटला. “मुकादम काय म्हणेल?” असे ते दोनदा म्हणाले. तिसऱ्या शनिवारी मात्र त्यांनी स्वतःच खिशातून पावत्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

हंगाम संपताना हिशेब झाला तेव्हा तीन खेपा मुकादमाच्या वहीत नव्हत्या आणि मुलीच्या वहीत होत्या. वाद झाला नाही. मुकादमाने पावत्या पाहिल्या आणि खेपा धरल्या. बाकी तरीही राहिलीच. वाचकहो, इथे मोठा विजय झाला असे मी लिहिणार नाही. पण बाकी किती राहिली आणि कशाची राहिली, हे त्या कुटुंबाला पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरात माहीत होते. टोळी परतली तेव्हा वही तिच्या पिशवीत होती.

जाताना मी तिच्या बाबांशी बोलले. पुढच्या हंगामात मुलीला आजीजवळ गावी ठेवून आश्रमशाळेत घालण्याचे त्यांनी कबूल केले आहे. धाकट्या भावाला कोण सांभाळणार, हा प्रश्न अजून उरला आहे. या कुटुंबासाठी आपण प्रार्थना करावी आणि त्यांच्या गावाकडच्या आपल्या सहकाऱ्यांनी एकदा भेट द्यावी, ही विनंती.

मी माझे लाल पेनही आठवते आहे. शेवटच्या शनिवारी मी तिच्या वहीतले ते जुने पान उघडले आणि खोडलेल्या वाक्याखाली लिहिले, ‘तू बरोबर विचारले होतेस.’ तिने वाचले आणि म्हणाली, “मग बाई, गुण?” मी पाचपैकी पाच दिले.

७. आपल्यासमोरचा प्रश्न

पावसाळ्यात आदिवासी भागात घरातले धान्य संपते तेव्हा जे कर्ज घ्यावे लागते त्याला ‘खावटी’ म्हणतात. सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून राज्य सरकारनेही १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना आणली होती. उचल घेण्याची वेळही बहुधा याच महिन्यांत येते. म्हणजे दार तिथे उघडते. काही गावांत लोकांनी मिळून धान्यपेढ्या चालवल्या आहेत. अडचणीत धान्य न्यायचे, सुगीनंतर थोडे वाढवून परत भरायचे, हिशेब गावानेच ठेवायचा. हे पुन्हा उसनेच झाले, शीग लावलेल्या वाटीसारखे. यात आपले काम पहिले पोते देऊन मूठ सोडण्याचे. पुढच्या सभेत हा विषय मी मांडणार आहे. तोवर घरी किंवा मंडळीच्या अभ्यासगटात पुढील प्रश्नांवर बोलावे.

(१) आपण ज्यांना मदत करतो, त्यांच्याकडून आपण नकळत काय तारण ठेवून घेतो? त्यांचे आभार, त्यांचे फोटो, त्यांचे आपल्या सभेला येणे?

(२) ज्यांना आपण देतो, त्यांच्याकडून आपण शेवटचे काय घेतले? ते परत करताना शीग लावली का?

(३) आपल्या घरी, शेतात किंवा दुकानात काम करणाऱ्या कुणी आपल्याकडून उचल घेतली आहे का? तिचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या वहीत आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी माझ्या घरी शोधले. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या ताईंनी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून पैसे घेतले होते आणि त्याचा हिशेब फक्त माझ्या डायरीत होता. आता त्यांच्याकडेही एक वही आहे.